दहात एक

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कीर्तीने तीसचे दहा केले. त्या वेळी तिला ते फारसं काही वाटलं नाही. कीबोर्डवरची दोन बटणं दाबायची, एवढंच काम वाटत होतं ते.

तिचं ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर होतं. शेअर बाजारात मोठ्या रकमा गुंतवणाऱ्यांना सल्ला देणारी ती कंपनी. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून कीर्ती तिथे लागली त्याला सात महिने झाले होते. लोकसभेचा निकाल मंगळवारी होता, आणि तो कसाही लागला तरी तासाभरात ग्राहकांच्या हातात टिपण पडलं पाहिजे, म्हणून अशा वेळी तीन टिपणं आधीच लिहून ठेवायची तिथली पद्धत होती. अ, म्हणजे सत्ताधाऱ्यांना भक्कम बहुमत. ब, म्हणजे सरकार तेच, पण काठावरचं, मित्रपक्षांच्या टेकूवर उभं. क, म्हणजे सरकार बदललं. तिन्ही टिपणांत प्रश्न तेच असत. रुपया टिकेल का, व्याजदर उतरतील का, सरकार रस्ते आणि बंदरं बांधत राहील की तो पैसा सवलतींकडे वळेल, परदेशी गुंतवणूकदार थांबतील की निघून जातील. उत्तरं तेवढी वेगळी, आणि आकड्यांच्या जागा मोकळ्या. निकाल लागला की जागा भरायच्या, एक टिपण पाठवायचं आणि दोन फेकून द्यायची.

कीर्तीकडे ब आलं होतं. नव्या माणसाला ब देत, कारण ते बहुधा फेकलंच जाई.

पण फेकायचं म्हणून वाईट लिहावं असा तिचा स्वभाव नव्हता. तिने मागच्या सहा निवडणुका घेतल्या. मतदानोत्तर चाचण्यांनी काय सांगितलं आणि मोजणीत काय निघालं, यातला फरक मांडला. सहा निवडणुकांवरून फार काही म्हणता येत नाही, हे तिने तळटीपेत स्वतःच लिहिलं. तरी चाचण्या किती वाहवत जातात ते दिसत होतं. सरकार काठावर येण्याची शक्यता तिच्या हिशोबाने तीस टक्के निघाली.

मेघना मॅडम त्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी टिपण वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "तीस? कीर्ती, हे वाचून माणूस हातातला चहा खाली ठेवेल."

"पण मॅडम, आकडा तेवढाच येतोय."

"येऊ दे ना. सगळा बाजार काय धरून चाललाय? दहा. आपण तीस लिहिलं आणि निकाल अ लागला, तर वर्षभर लोक विचारतील, बाई, तुम्हाला असं काय दिसलं होतं? दहा लिहून चुकलो तर सगळ्यांबरोबर चुकू. दहा कर."

मेघना मॅडम वाईट नव्हत्या. वीस वर्षं त्या या धंद्यात होत्या, आणि गर्दीपासून दूर उभं राहून बरोबर ठरलेल्या दोन माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

आकडा अकरा ठिकाणी होता. तो बदलला की आजूबाजूची वाक्यंही बदलावी लागली. 'लक्षणीय शक्यता'ची 'अल्प शक्यता' झाली. 'सावध राहावे'चं 'लक्ष ठेवावे' झालं. मग कीर्तीने टिपण मुद्रितशोधनासाठी चार वेळा वाचलं. शनिवारीही ऑफिस होतं, तेव्हा आणखी दोनदा. सहाव्या वाचनाला तो दहाचा आकडा आपणच गणितातून काढल्यासारखा तिला वाटू लागला.

घर कफ परेडच्या मच्छीमार नगरात. एक जूनपासून मासेमारीला बंदी लागली होती, ती पुढे दोन महिने. बहुतेकांनी होड्या किनाऱ्यावर ओढून, वर प्लास्टिक टाकून, दोरांनी बांधून शाकारल्या होत्या. कीर्तीचे वडील दत्तू यांची होडी 'बकुळा'. त्यांच्या आईचं नाव. या वर्षी बकुळाच्या पोटात इंजिन नव्हतं. जुनं इंजिन दोन वर्षं खोकत होतं. मे महिन्याच्या शेवटच्या फेरीनंतर दत्तूंनी ते काढून विकलं आणि नव्याची नोंदणी केली. नवं इंजिन जुलैच्या मध्यावर यायचं होतं आणि पूर्ण पैसे तेव्हाच द्यायचे होते. बँकेत अकरा लाख होते. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून साडेबारा लागणार होते. वरच्या दीड लाखासाठी कीर्तीच्या आईने, दमयंतीने, हातातल्या पाटल्या पुढे केल्या, तेव्हा दत्तू म्हणाले होते, "ठेव तुझ्याकडं. अजून दीड महिना हाय."

रविवारी सकाळी दत्तू आणि कीर्तीचा धाकटा भाऊ रूपेश घरासमोर जाळं पसरून त्याचे फाटलेले डोळे विणत बसले होते. रूपेश एका कुरियर कंपनीत कामाला होता, रविवारी मोकळा. आदल्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांनी मतदानोत्तर चाचण्या दाखवल्या होत्या आणि सगळ्यांनी भक्कम बहुमत सांगितलं होतं. वस्तीतही तोच विषय. कीर्ती चहा घेऊन बाहेर आली.

"काय गो, तुमच्या ऑफिसात काय बोलतात?" दत्तूंनी विचारलं. "येतील ना तेच?"

"तेच येतील, बाबा. किती जागा घेऊन येतात, एवढाच प्रश्न आहे."

"म्हणजे?"

"भक्कम आले तर बाजार वर. काठावर आले तर खाली. चांगलाच खाली."

"काठावर यायचा चान्स किती?" रूपेशने मान वर न करता विचारलं.

"दहात एक," कीर्ती म्हणाली. आपल्या खोलीचा नंबर सांगावा तशी.

दत्तू हसले. "दहात एक म्हणजे आपला जयवंता! दहा जण धक्क्यावर उभे करा. नऊ बोलतील, चल. हा एकटा बोलणार, नको रे दत्तू, आभाळ बघ. त्याचं ऐकत बसलो असतो तर माझं लग्नसुद्धा झालं नसतं."

"नसतं झालं तर मी तरी सुटले असते," दमयंती दारातून म्हणाली.

"बघ, बघ. ऐक तुझ्या आयशीचं." मग चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "बरं, ते काठावर आले तर आमच्या डिझेलचं काय? सूट राहील का जाईल?"

तिन्ही टिपणं मिळून चाळीस पानं होती. त्यांत कच्च्या तेलाचा भाव होता, रुपयाची घसरण होती, पण होडीत भरायच्या डिझेलवर एक ओळ नव्हती. "ते आमच्याकडे बघत नाहीत," ती म्हणाली. "पण का विचारता?"

"असंच."

रूपेशने जाळ्यातली एक गाठ सोडवली आणि तीच पुन्हा मारली. कीर्तीने ते पाहिलं. चहाचे कप उचलून ती आत गेली.

सोमवारी बाजार असा उसळला की ऑफिसात पेढे आले. क टिपणावर विनोद झाले. कीर्तीने ब खणात टाकलं आणि अ लिहिणाऱ्या मुलाला आकडे तपासायला मदत केली. संध्याकाळी घरी गेली तर दत्तूंनी कुलाब्याहून जिलबी आणलेली. "काय विशेष?" तिने विचारलं. "बंदीत माणसानं गोड खायचं नाय, असा कायदा हाय का?" ते म्हणाले.

मंगळवारी मोजणी. त्या दिवशी सगळ्यांनी फोन आपापल्या खणात कुलूप लावून ठेवायचे, असा ऑफिसचा नियम होता. पहिला तास ठीक गेला. साडेनवाच्या पुढे पडद्यावरचे आकडे हलायला लागले आणि ज्या राज्यांकडे कोणी पाहत नव्हतं तिथून हलायला लागले. बाजार उघडला तोच खाली. दहापर्यंत लोक बोलत होते. साडेदहाला बोलणं थांबलं. भिंतीवरच्या पडद्यावरची रेघ जिन्यावरून कोणी घरंगळावं तशी उतरत होती.

"कीर्ती," मेघना मॅडम म्हणाल्या, "ब काढ."

तिने मोकळ्या जागा भरल्या. मेघना मॅडमनी पहिल्या पानावर एक वाक्य घातलं, 'ही शक्यता आम्ही आधीच विचारात घेतली होती', आणि जिथे जिथे दहा टक्के होतं ती वाक्यं खोडली. दुसऱ्या पानावर कीर्तीचं स्वतःचं वाक्य होतं, ते तसंच राहिलं. याआधी असे निकाल लागले तेव्हा बाजार काही आठवड्यांत सावरला आहे, घाबरून विक्री करू नये. अकरा चाळीसला टिपण गेलं. बाराला एका बड्या ग्राहकाचा फोन आला की एवढ्या धुमाकुळात तयार असलेले फक्त तुम्हीच. मेघना मॅडमनी कीर्तीच्या खांद्यावर हात ठेवला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

पाऊण वाजता जेवायला जाताना तिने खणातून फोन काढला. वडिलांचे चौदा कॉल येऊन गेलेले. आईला काही झालं, असंच तिला वाटलं. जिन्यात येऊन तिने फोन लावला.

"कीर्ती, ठेवू का काढू?" दत्तूंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"काय ठेवू? बाबा, काय झालं?"

पलीकडे फोन रूपेशच्या हातात गेला. तो कामावर गेलाच नव्हता. "ताई, शेअर घेतले काल. दोन सरकारी कंपन्या हायत. एक बंदरं बांधणारी, एक विजेची. सरकार तेच येणार तर काम पण त्यांनाच मिळणार ना, म्हणून."

"किती घेतले?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"इंजिनचे."

कीर्ती पायरीवर बसली.

"काल साठ हजार वर होतो, ताई. बाबा बोलले, उद्या अजून एक उडी मारली की गिअरबॉक्स सुटला, आईच्या पाटल्या पण राहिल्या. तुला मग सांगणार होतो. आता अडीच लाख खाली हाय. अजून पडतंय. तुझ्याशी बोलतोय तेवढ्यात पडलं बघ."

मग पुन्हा दत्तू. "तू सांग. तू बोलशील तसं."

कर्मचाऱ्याने नातेवाइकांना असा सल्ला द्यायचा नाही, असं कीर्तीने नोकरीला लागताना सही करून दिलं होतं. पण ती अडली ती त्यामुळे नाही. रविवारी आपण सांगितलेला दहाचा आकडा कुठून आला होता, हे तिला तिथे जिन्यात बसल्यावर दिसलं. तो गणितातून आला नव्हता. तो चष्मा कपाळावर सरकवलेल्या एका बाईकडून आला होता, आणि तिने तो घरी नेऊन, स्वतःचा म्हणून, वडिलांच्या हातात दिला होता. आता आणखी एक अंदाज तोंडातून काढायची तिची हिंमत होईना. टिपणाच्या दुसऱ्या पानावरचं वाक्य तिला पाठ होतं. पण तेही त्याच सहा निवडणुकांवर उभं होतं. सहा म्हणजे काहीच नाही.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

"माहीत नाय?"

"कोणालाच माहीत नाही. वर जाईल, आणखी खालीही जाईल. खरंच सांगते."



"बरं," दत्तू म्हणाले आणि फोन बंद झाला.

ती पाच-सात मिनिटं तशीच बसली. मग तिच्या लक्षात आलं की वडिलांनी विचारलं ते वेगळं होतं. बाजार कुठे जाईल, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, एवढंच विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. ती असती तर शेअर तसेच ठेवले असते. तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. चौथ्यांदा रूपेशने उचलला.

"काढले," तो म्हणाला.

"सगळे?"

"सगळे. बाबा बोलले, जिला माहीत पाहिजे तिलाच माहीत नाय, तर जाळं खडकात अडकलंय. आता कापायचं आणि होडी वाचवायची."

जेवणाची वेळ संपत आली होती. कीर्ती वर गेली आणि रुपयाचा आलेख दुरुस्त करायला बसली. हात चालू होते. आलेखही बरोबर निघाला.

बुधवारी बाजार वर आला. गुरुवारी आणखी. दिल्लीत मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रं गेली, सरकार तेच राहणार हे ठरलं, आणि शुक्रवारी बाजार पडण्याआधी होता त्याच्याही वर जाऊन बसला. ते दोन शेअर पूर्ण नाही, पण पुष्कळसे भरून आले. रूपेश दर तासाला फोन उघडून बघायचा, तोंडाने च् करायचा. शेवटी दत्तू त्याला म्हणाले, "ठेव तो. मेलेल्याची नाडी किती वेळ बघशील?"

शनिवारी दुपारी कीर्ती किनाऱ्यावर गेली. दत्तू बकुळाच्या पोटात उतरले होते. इंजिन होतं त्या जागी चौकोनी खड्डा होता आणि ते फडक्याने तिथलं तेल पुसत होते. इंजिन नसताना ते पुसायची काही गरज नव्हती. कीर्ती काठावर बसली.

"बाबा, एक सांगायचंय."

"बोल."

"रविवारी तुम्ही विचारलंत, काठावर यायची शक्यता किती. मी दहात एक म्हटलं. माझ्या हिशोबाने ते तीस टक्के होतं."

"तीस म्हणजे?"

"तिनात एक. जवळजवळ."

दत्तूंचा हात थांबला. "तिनात एक," ते म्हणाले.

"ऑफिसमध्ये बदलायला सांगितलं. मी बदललं. मग दोन दिवस तेच वाचत होते..." तिने विचारलं, "तिनात एक म्हटलं असतं तर घातले असतेत?"

"नसते घातले."

ते रागाने म्हणाले नाहीत. इथे पाणी किती खोल, असं विचारल्यावर सांगावं तसं म्हणाले.

"वारा संशयाचा असला की आपण काय करतो? तीन तांडेलांना विचारतो. तिघांतल्या एकानं मान हलवली की होडी सुटत नाय. दोघं चल बोलले म्हणून कोण गेलाय कधी?"

हे कीर्तीला ठाऊक होतं. होडी हाकणारी ती तीन म्हातारी माणसं धक्क्याच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसलेली तिने लहानपणापासून पाहिली होती. त्यांतल्या एकाची मान हलायची आणि पंधरा होड्या दिवसभर जागच्या जागी डुलत राहायच्या. शाळेत जाताना ती ते पाहायची. विद्यापीठात दोन वर्षं तिने संभाव्यता शिकली, परीक्षेत पहिली आली, आणि त्या पायरीवर रोज काय मोजलं जातं याचा तिने कधी विचार केला नव्हता.

"मग दहा का बोललीस?" दत्तूंनी विचारलं.

तिने खरं उत्तर शोधलं. "सवय झाली होती."

"ऑफिसात काय लिहिलंस ते ऑफिसचं. तिकडं पगार देतात, लिव बोलतील तसं लिवायचं. पण घरात मी विचारलं होतं."

"हो."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी खरं बोलले."

"हां," दत्तू म्हणाले. "मंगळवारी खरं बोललीस." ते पुन्हा खाली वाकले आणि फडकं फिरवू लागले. कीर्ती आणखी थोडा वेळ बसली. त्यांनी जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

जूनचे उरलेले दिवस पैसे उभे करण्यात गेले. कीर्ती बँकेत गेली, तर नोकरीला वर्ष व्हायला हवं असं तिथे सांगितलं. मच्छीमारांच्या सोसायटीचं एक कर्ज जाळ्यांसाठी आधीच चालू होतं, त्यावर दुसरं मिळेना. दमयंतीने पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या मोडून दीड लाख आले असते. आता चार लाख कमी होते. पैसे जमतील का ते सांगा, तीस जूनपर्यंत नोंदणी राखतो, असं इंजिनवाला म्हणाला आणि त्याने ती राखलीही. एक जुलैला त्याने ते यायचं इंजिन वसईच्या एका होडीमालक नाखवाला दिलं. पुढचं दिवाळीनंतर, आणि तेव्हाचा भाव तेव्हाचा.

मेघना मॅडमनी कीर्तीला कायम केलं. पत्रात ब टिपणाचा खास उल्लेख होता. तिने ते घरी दाखवलं नाही.

जुलै संपताना दत्तू जयवंताकडे गेले. जयवंताची होडी होती, पण त्याचा तांडेल गावी निघून गेला होता. दत्तूंनी त्याची जागा घेतली. हे घरी सांगताना ते म्हणाले, "जयवंताबरोबर जायचं म्हणजे सुखाचं काम. तो कुठं जाऊनच देत नाय." रूपेश थोडासा हसला. दमयंती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

ऑगस्टमधल्या पहिल्या सोमवारी पहाटे दमयंती ससून डॉकला निघाली तेव्हा कीर्तीही तिच्याबरोबर गेली. ऑफिस दहाला होतं. आई नको म्हणाली नाही, एवढंच.

तीस वर्षं दमयंती या धक्क्यावर येत होती, पण ती आपल्या होडीचं म्हावरं उतरवून घ्यायला. लिलावात तिची माणसं बोली ऐकत उभी असत आणि ती आपल्याला हवं ते बाजूला काढून बाकीचं विकायला ठेवी. आज ती रिकामी पाटी घेऊन घ्यायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात उभी होती. बंदीनंतरचे पहिले दिवस, धक्का माणसांनी आणि बर्फाने भरलेला. पायाखाली पाणी, रेटारेटी, ओरडा.

"काय गो दमयंती, आज या बाजूला?" एका बाईने विचारलं. "नाखवीण बाय पाटी घेऊन उभी! तुझी होडी कुठं?"

"इंजिन यायचं हाय," दमयंती म्हणाली.

"अजून यायचं हाय?"

"यायचं हाय."

पहिल्या दोन लिलावांत तिला काही मिळालं नाही. तिला माल ओळखता येत होता, भाव माहीत होता, पण घेणाऱ्याने कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे तिला जमत नव्हतं. ती लवकर बोलायची आणि दुसरी तिच्यावर चढवून घेऊन जायची. कीर्तीला ते दिसत होतं. तिने काही सुचवलं नाही.

मग जयवंताची होडी लागली. खलाशी टोपल्या वर देऊ लागले. दत्तू होडीत उभे होते, कमरेपर्यंत भिजलेले, एकेक टोपली खालून उचलून पुढच्याच्या हातात देत होते. एकदा त्यांनी वर पाहिलं. त्यांना दमयंती दिसली, तिच्या हातातली पाटी दिसली. ते पुढच्या टोपलीसाठी वाकले.

धक्क्यावर कोळंबीचा ढीग ओतला गेला. चांगली होती, जाड, अजून हलणारी. लिलाववाल्याने हाक दिली. दमयंतीने पहिली बोली केली, मघासारखीच लवकर, पाचशे.

कोणी पुढे बोलेना.

लिलाववाल्याने दोनदा पुकारलं. घोळक्यातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पायाशी पाहिलं. मघाशी टोमणा मारणारी ती बाईसुद्धा पदराने तोंड पुसत गप्प उभी राहिली. ढीग कोणी काहीही म्हटलं तरी हजाराच्या वरचा होता. नवऱ्याने पकडलेली कोळंबी बायको विकत घेतेय, तर तिला घेऊ द्यावी, एवढंच त्या सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

"पाचशे, एक वार," लिलाववाला म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता.

"सातशे," दमयंती म्हणाली.

लिलाववाल्याला वाटलं, त्याने चुकीचं ऐकलं. "पाचशे तुमचेच हायत, बाय."

"माहीत हाय. सातशे." तिने बायकांकडे पाहिलं. "बोला की. तोंडं का शिवलीत?"

कोणी बोललं नाही.

"नऊशे," दमयंती म्हणाली. "अकराशे."

लिलाववाल्याने खाली होडीकडे पाहिलं. दत्तू टोपली हातात धरून उभे होते, ती पुढे द्यायची राहून गेली होती. मागून जयवंता काहीतरी ओरडला, तेव्हा त्यांनी ती पुढे दिली.

"अकराशे," लिलाववाला म्हणाला, आणि घाईघाईने तीन वार पुकारून मोकळा झाला.

दमयंतीने ओचा सोडून नोटा काढल्या, ओल्या बोटांनी मोजल्या आणि दिल्या. मग तिने कोळंबी पाटीत भरली, वर बर्फ टाकला, डोक्यावर चुंबळ नीट केली.

"हात लाव," ती कीर्तीला म्हणाली.

कीर्तीने पाटीला हात लावला. पाटी जड होती. दोघींनी मिळून ती उचलली, आणि बर्फाचं पाणी दमयंतीच्या कानामागून खांद्यावर उतरलं. ती फाटकाकडे चालू लागली. कीर्ती तिच्या मागून चालली, वाटेत बर्फाच्या गाड्या आल्या की थांबत.